एकटीने केलेला बेसबॉल-प्रवास : पिट्सबर्ग ते बॉस्टन, धबधबे, सरोवरे आणि डोंगरांच्या वाटेने

वाटसरू

बेसबॉलचे सामने आणि निसर्गदर्शन ही दोन्ही एकाच प्रवासात, तेही एकट्याने, नीट जमतात का, असा प्रश्न इथे अधूनमधून विचारला जातो. जमतात, आणि फार चांगली जमतात. मात्र आखणी करताना आधी काय ठरवायचे आणि मागाहून काय, हा क्रम पाळावा लागतो. गेल्या मोसमाच्या उत्तरार्धात मी पिट्सबर्गहून भाड्याची मोटार घेऊन निघाले आणि न्यूयॉर्क राज्याचा उत्तर भाग, व्हरमाँट, न्यू हॅम्पशायर आणि मेन असे करत बॉस्टनला पोहोचले. तशाच वाटेने जाऊ इच्छिणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून सविस्तर लिहीत आहे.

मेजर लीग या अमेरिकेतील सर्वोच्च बेसबॉल स्पर्धेतील प्रत्येक संघ मोसमात १६२ सामने खेळतो आणि त्यांपैकी ८१ घरच्या मैदानावर होतात. संघ काही दिवस घरी असतो, मग काही दिवस परगावी. त्यामुळे तारखा न पाहता आपण एखाद्या गावात जाऊन उभे राहिलो, तर मैदानाला कुलूप दिसण्याची शक्यता बरीच असते. डोंगर आणि धबधबे जागचे हलत नाहीत. म्हणून सामन्यांच्या तारखा आधी पक्क्या कराव्यात आणि दोन सामन्यांमधल्या मोकळ्या दिवसांत निसर्ग बसवावा. मायनर लीगमध्ये, म्हणजे तिच्या खालच्या पायऱ्यांवरील स्पर्धांत, २०२१ पासून बहुतेक मालिका मंगळवार ते रविवार अशा सहा सामन्यांच्या असतात आणि सोमवारी सुट्टी असते, त्यामुळे सोमवार हा लांबचा पल्ला मारण्याचा किंवा रानात भटकण्याचा दिवस आपोआप ठरून जातो. मेजर लीगमध्ये मालिकेचा शेवटचा सामना पुष्कळदा दुपारी ठेवतात, कारण पाहुण्या संघाला त्याच रात्री पुढच्या गावी जायचे असते. असा दुपारचा सामना एकट्या प्रवाशासाठी सर्वांत सोयीचा, कारण तो संपल्यावर उजेड असेतोवर पुढचा मुक्काम गाठता येतो.

सुरुवात पिट्सबर्गपासूनच करावी, असे मी आग्रहाने सांगेन. २००१ साली उघडलेले पीएनसी पार्क अलेघेनी नदीच्या अगदी काठावर आहे. होम प्लेटच्या (बॅटर जिथे उभा राहतो त्या जागेच्या) मागच्या, वरच्या मजल्यावरील स्वस्त जागांवरून आउटफील्डच्या पलीकडे नदी, तिच्यावरचे पिवळे पूल आणि पैलतीरावरच्या उंच इमारती एका नजरेत येतात, आणि संध्याकाळच्या सामन्यात तिसऱ्या-चौथ्या इनिंगच्या सुमारास त्या इमारतींच्या काचांवर ऊन उतरू लागते तेव्हा मैदानावरून नजर हटवणे भाग पडते. सामन्याच्या दिवशी रॉबर्टो क्लेमेंटे पूल वाहनांना बंद करतात आणि शहराच्या मध्यभागातून हजारो माणसे त्यावरून पायी मैदानाकडे येतात. उजव्या बाजूची भिंत २१ फूट उंच आहे, कारण क्लेमेंटे यांच्या पाठीवरचा क्रमांक २१ होता. पोर्तो रिकोचा हा खेळाडू कारकिर्दीत बरोबर ३,००० हिट्स (चेंडू मारून बेस गाठण्याचे प्रसंग) करून ३१ डिसेंबर १९७२ रोजी निकाराग्वातील भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन निघाला आणि विमान समुद्रात कोसळून गेला. एरवी हॉल ऑफ फेमसाठी, म्हणजे थोर खेळाडूंच्या सन्मान-यादीसाठी, पाच वर्षे थांबावे लागते. त्यांच्या बाबतीत तो नियम बाजूला ठेवून १९७३ मध्येच त्यांची निवड झाली. हे ठाऊक असले की तो पूल ओलांडताना पाऊल आपोआप मंदावते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओकलंड भागात जाऊन फोर्ब्स फील्ड या जुन्या मैदानाची उरलेली भिंत अवश्य पाहावी. १३ ऑक्टोबर १९६० रोजी वर्ल्ड सिरीज या मोसमाच्या अंतिम मालिकेच्या सातव्या सामन्यात बिल मॅझेरोस्की यांनी शेवटच्या इनिंगमध्ये होम रन मारून यांकीज संघाला १०-९ असे हरवले, ते याच मैदानावर. आजही दर वर्षी त्या तारखेला लोक भिंतीपाशी जमतात आणि त्या सामन्याचे रेडिओवरचे धावते वर्णन पुन्हा ऐकतात. होम प्लेट शेजारच्या विद्यापीठाच्या इमारतीत, जमिनीत काचेखाली जपून ठेवलेली आहे. संध्याकाळी १८७७ पासून चालणाऱ्या ड्युकेन इनक्लाइनच्या लाकडी डब्यातून टेकडीवर जावे; तीन नद्यांचा संगम वरून दिसतो.

पिट्सबर्गहून नायगारा साधारण चार तासांवर आहे. नायगाऱ्याबद्दल इथे पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून एवढेच सांगते की सामना जवळच्या बफेलोत पाहावा. तिथले साहलेन फील्ड १९८८ मध्ये शहराच्या भरवस्तीत बांधले गेले, आणि जुन्या वळणाची, शहरात मिसळून जाणारी मैदाने पुन्हा बांधण्याची जी लाट पुढे देशभर आली, तिची सुरुवात करणाऱ्या मैदानांत त्याची गणना होते. तिथे मी प्रथमच कागदावर पेन्सिलीने स्कोअरकार्ड भरले, आणि एकट्याने सामना पाहणाऱ्या प्रत्येकाने ते करावे, असे मला मनापासून वाटते. क्षेत्ररक्षकांना जागेप्रमाणे १ ते ९ क्रमांक असतात : पिचर (चेंडू टाकणारा) १, कॅचर (बॅटरच्या मागे बसून तो झेलणारा) २, फर्स्ट बेसमन ३, सेकंड बेसमन ४, शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला) ६, अशा रीतीने. शॉर्टस्टॉपने चेंडू उचलून सेकंड बेसमनकडे दिला आणि त्याने तो फर्स्ट बेसमनकडे फेकून दोघे बाद झाले, तर चौकोनात ६-४-३ लिहायचे. बॅटर चेंडूला बॅट लावायला जाऊन तिसऱ्यांदा चुकला तर सरळ ‘के’, आणि नुसता बघत उभा राहून बाद झाला तर तोच ‘के’ उलटा. शेजारी बसलेल्या, माझ्या वडिलांच्या वयाच्या गृहस्थांनी माझा कागद पाहिला आणि एका अवघड प्रसंगाची नोंद कशी करायची ते स्वतःच्या वहीत करून दाखवले. नंतरच्या सहा इनिंग्ज आम्ही एकमेकांच्या नोंदी ताडून पाहत बसलो होतो, आणि आमचे बाकीचे बोलणे फारसे झालेच नाही.

बफेलोच्या दक्षिण-पूर्वेला सव्वा तासावर लेचवर्थ स्टेट पार्क आहे. जेनेसी नदीने खडक कापून केलेली ही घळ काही ठिकाणी पाचशे फुटांहून खोल आहे, आणि तीन मोठे धबधबे एकाच पायवाटेने जोडलेले आहेत. नायगाऱ्याच्या गर्दीनंतर इथे अर्धा दिवस घालवल्याने माझे मन फार निवले. घाई असेल त्यांनीही हे ठिकाण वगळू नये.

तिथून मी कूपर्सटाउनला गेले. दोन हजारांहूनही कमी वस्तीच्या या गावात १२ जून १९३९ रोजी बेसबॉलचे हॉल ऑफ फेम उघडले. १८३९ मध्ये ॲबनर डबलडे यांनी हा खेळ याच गावी शोधला, असे १९०७ च्या एका समितीने जाहीर केले होते. ती कथा इतिहासकारांनी केव्हाच खोडून काढली आहे, पण संग्रहालय गावात राहिले आणि गावाच्या अंगवळणी पडले. ब्राँझच्या पाट्यांच्या दालनात बेब रूथ, टाय कॉब वगैरे १९३६ च्या पहिल्या पाच मानकऱ्यांपुढे सगळेच थांबतात. मला मात्र जॉश गिब्सन यांच्या पाटीपुढून हलवेना. पिट्सबर्ग क्रॉफर्ड्स आणि होमस्टेड ग्रेज या कृष्णवर्णीयांच्या संघांतून खेळलेला हा कॅचर जानेवारी १९४७ मध्ये वारला, आणि एप्रिल १९४७ मध्ये जॅकी रॉबिन्सन यांनी मेजर लीगमधील वर्णभेदाची भिंत ओलांडली. २०२४ साली नीग्रो लीग्जचे, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या स्पर्धांचे, आकडे अधिकृत नोंदींत मिळवण्यात आले तेव्हा ०.३७२ या फलंदाजीच्या सरासरीसह गिब्सन सर्वकालीन यादीत सर्वांत वर गेले. ज्या शहरातून मी प्रवास सुरू केला होता, त्याच शहरात हा माणूस खेळला होता, आणि तेथील मेजर लीगचे दार त्याच्यासाठी जन्मभर बंद होते. ओट्सेगो सरोवराच्या काठी, जिथून सस्केहाना नदी उगम पावते, तिथे मी त्या संध्याकाळी बराच वेळ हाच विचार करत बसले.

पुढचा टप्पा संपूर्ण निसर्गाचा आहे. ॲडिराँडॅक डोंगरांतून लेक प्लॅसिड, तिथून प्लॅट्सबर्गजवळच्या धक्क्यावर बारमाही चालणाऱ्या फेरीबोटीत मोटार चढवून पंधरा मिनिटांत लेक शॅम्प्लेन ओलांडायचे, आणि व्हरमाँटमध्ये स्मगलर्स नॉच या अरुंद खिंडीतून स्टो गावी उतरायचे. या खिंडीत प्रचंड शिळांमधून रस्ता इतका वळत जातो की मोठ्या ट्रकना तिथे बंदी आहे. न्यू हॅम्पशायरमध्ये लिंकन ते कॉनवे हा ३४.५ मैलांचा कँकामॅगस रस्ता सुमारे २,८५० फुटांपर्यंत चढतो. वाटेत एकही पेट्रोल पंप नाही, म्हणून लिंकनलाच टाकी भरून घ्यावी.

मेनमधील पोर्टलंडला पुन्हा बेसबॉल सुरू होतो. हॅडलॉक फील्डवर बॉस्टनच्या रेड सॉक्सचा डबल-ए (मायनर लीगमधील वरून दुसऱ्या पायरीचा) संघ सी डॉग्ज खेळतो. बॉस्टनच्या फेनवे पार्कमधील हिरव्या भिंतीची ३७ फूट उंचीची प्रतिकृती इथे डाव्या बाजूला उभी आहे, आणि घरच्या खेळाडूने होम रन मारला की मध्यभागी कुंपणामागून एक दीपगृह वर येते. शेजारच्या बाकावरची लहान मुले खेळापेक्षा त्या दीपगृहाच्या जागेकडेच डोळे लावून बसलेली होती. पोर्टलंडहून तीन तासांवर अकेडिया राष्ट्रीय उद्यान आहे. त्यातील कॅडिलॅक शिखर (सुमारे १,५३० फूट) मोटारीने गाठता येते, पण मोसमात त्यासाठी आगाऊ नोंदणी लागते. सूर्योदयाच्या वेळेच्या बहुतेक जागा दोन दिवस आधी सकाळी दहाला खुल्या होतात आणि लगेच संपतात.

शेवट बॉस्टनचा. २० एप्रिल १९१२ रोजी पहिला सामना झालेले फेनवे पार्क हे मेजर लीगमधील सर्वांत जुने मैदान आहे. डाव्या भिंतीतील धावफलक आजही आत बसलेली माणसे हाताने बदलतात. उजव्या बाजूच्या हिरव्या बाकांमध्ये एकच आसन तांबडे आहे. ९ जून १९४६ रोजी टेड विल्यम्स यांचा ५०२ फुटांचा होम रन तिथे येऊन पडला होता. मी सामन्याच्या आधी त्या आसनापर्यंत चढून गेले आणि तिथून होम प्लेटकडे पाहिले. तिथे उभ्या असलेल्या माणसाचा चेहराही ओळखू येत नाही, एवढे ते अंतर आहे.

डावखुरा

वाटसरू, अतिशय नेमके लिहिले आहे. स्कोअरकार्डाचा मुद्दा वाचून विशेष आनंद झाला, म्हणून त्यात थोडी भर घालतो. बेसबॉलचा बॉक्स स्कोअर (सामन्याचा आकड्यांतला गोषवारा) रूढ करणारे आणि ‘के’ ही खूण वापरात आणणारे हेन्री चॅडविक हे इंग्लंडात जन्मलेले आणि न्यूयॉर्कमध्ये आधी क्रिकेटची वार्तापत्रे लिहिणारे पत्रकार होते. १९३८ मध्ये त्यांची हॉल ऑफ फेमसाठी निवड झाली. क्रिकेटची धावपुस्तिका भरत मोठे झालेल्या आपल्यासारख्यांना बेसबॉलचा कागद परका वाटत नाही, याचे मूळ इथे आहे.

क्रिकेट पाहणाऱ्याला सुरुवातीला बेसबॉल संथ वाटतो, कारण तो चेंडूनंतर काय घडते याची वाट पाहत असतो. माझा सल्ला असा की चेंडू टाकण्याआधी काय घडते ते पाहावे. बॅटर बदलला की आउटफील्डर चार पावले मागे किंवा पुढे का सरकतात, दोन बॉल (पिचरचे चुकलेले चेंडू) आणि शून्य स्ट्राइक (बॅटरच्या विरोधात मोजले जाणारे चेंडू) असताना पिचर कोणता चेंडू टाकण्याचे धाडस करील, हे शेजाऱ्याला विचारावे. अमेरिकी प्रेक्षक अशा प्रश्नांची उत्तरे मोठ्या उत्साहाने देतात. २०२३ पासून पिचरला चेंडू टाकण्यासाठी घड्याळाची मर्यादा घातल्यामुळे सामना सरासरी सुमारे दोन तास चाळीस मिनिटांत संपतो. पूर्वी तीन तासांहून जास्त लागत. एकट्या प्रवाशाच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे.

आणखी एक गोष्ट. या प्रवासात मोटारीत रेडिओवर सामना ऐकत जावे. रेडिओवरून बेसबॉलच्या सामन्याचे पहिले धावते वर्णन पिट्सबर्गच्याच केडीकेए केंद्रावरून ५ ऑगस्ट १९२१ रोजी झाले, तेही फोर्ब्स फील्डवरून. आणि पिट्सबर्गचा आपल्या देशाशीही धागा आहे : नोव्हेंबर २००८ मध्ये पायरेट्स संघाने रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या उत्तर प्रदेशातील दोन तरुण भालाफेकपटूंशी करार केला. अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉल संघाशी करार करणारे ते पहिले भारतीय.

चांदणवेल

लेख वाचून फार उभारी आली. मी ओहायोत राहते आणि असा प्रवास करण्याचे पुष्कळ दिवस मनात आहे, पण घरून एकच प्रश्न येतो की रात्री सामना संपल्यावर एकटी कशी जाशील. मैदानापासून गाडीपर्यंत, आणि गाडीपासून मुक्कामापर्यंत, तुम्ही नेमकी काय काळजी घेतलीत ते सांगाल का? डोंगरातल्या रस्त्यांबद्दलही जाणून घ्यायचे आहे.

वाटसरू

चांदणवेल, प्रश्न अगदी रास्त आहे आणि घरच्यांची काळजीही. संध्याकाळचा सामना असेल त्या रात्री पुढचा पल्ला गाठायचाच नाही, हा माझा पहिला नियम होता. त्या रात्रीचा मुक्काम मैदानापासून पायी जाता येईल अशा ठिकाणी किंवा सरळ एका गाडीने जाता येईल अशा स्थानकाजवळ घ्यायचा, मग तो थोडा महाग पडला तरी चालेल. पिट्सबर्गमध्ये शहराचा मध्यभाग आणि नदीपलीकडची मैदानाजवळची स्थानके यांदरम्यान स्थानिक रेल्वे विनामूल्य आहे. पण सामना संपल्यावर क्लेमेंटे पुलावरून एवढी माणसे, त्यांत आजी-आजोबा आणि खांद्यावर झोपलेली मुले, परतत असतात की मला पायी जाणेच अधिक निर्धास्त वाटले. बॉस्टनमध्ये मोटार शहरात नेऊच नये. हमरस्त्याला लागूनच असलेल्या रिव्हरसाइड स्थानकावर ती ठेवावी आणि ग्रीन लाइनच्या डी गाडीने फेनवेजवळ उतरावे. येताना गाडीत सगळे सामन्याचेच लोक असतात. मोटारीचा अगदीच कंटाळा आला असेल, तर ती पोर्टलंडला ठेवून डाउनईस्टर रेल्वेनेही बॉस्टनला जाता येते.

मैदानात एकटीने बसण्याबद्दल मात्र मनात कसलाही किंतु ठेवू नका. एकच तिकीट घेणाऱ्याला चांगल्या जागा मिळतात, कारण गटांनी जागा घेतल्यावर मधे एखादी सुटी जागा उरते आणि सामन्याचा दिवस जवळ आला की ती बऱ्याचदा स्वस्त होते. फेनवेला मात्र छताखालच्या जागांपुढे जुने लोखंडी खांब येतात. तिकिटावर दृश्य अडते अशी सूचना आहे का, ते पाहून घ्यावे. तिकिटे फोनवरच असतात, म्हणून फोन भारलेला असावा आणि सोबत पॉवर बँक असावी. पाठीवरच्या मोठ्या पिशव्या अनेक मैदानांत चालत नाहीत, फेनवेला तर नाहीच. छोटा बटवा पुरतो.

डोंगरातील रस्त्यांवर मला माणसांची नव्हे, जनावरांची काळजी वाटली. न्यू हॅम्पशायर आणि मेनमध्ये मूस या अवाढव्य हरणापासून सावध राहण्याच्या पाट्या जागोजागी आहेत, आणि त्या शोभेसाठी लावलेल्या नाहीत. मूसचे अंग गडद आणि पाय उंच असतात, त्यामुळे अंधारात दिव्यांच्या झोतात ते उशिरा दिसते, आणि धडक बसली तर त्याचे धड थेट समोरच्या काचेवर येते. तिन्हीसांजेपासून पहाटेपर्यंत जंगलातून गाडी न चालवणे हाच उपाय. कित्येक मैल फोनला संपर्क नसतो, म्हणून नकाशे आधीच उतरवून ठेवावेत आणि रोज सकाळी निघताना कोणत्या वाटेने कुठवर जाणार ते घरी कळवावे. मी रोज आईला पुढच्या गावाचे नाव आणि पोहोचण्याची वेळ लिहून पाठवत असे, आणि तिला त्याने पुष्कळ धीर आला.

पानगळ

लेख उत्तम आहे, परंतु त्यातील मूळ क्रमाशी मी सहमत नाही. डोंगर जागचे हलत नाहीत हे खरे, पण त्यांचा रंग हलतो. उत्तर व्हरमाँट आणि न्यू हॅम्पशायरमधील पानगळीचे रंग साधारण सप्टेंबरच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत भरात असतात, आणि एखाद्या खोऱ्यात तो बहर जेमतेम आठवडाभर टिकतो. डबल-ए संघांचा मोसम सप्टेंबरच्या मध्यास संपतो, त्यांच्या वरच्या पायरीवरील ट्रिपल-ए चाही त्यानंतर आठवडाभरात. म्हणजे सामन्यांच्या तारखा आधी धरल्या, तर कँकामॅगस हिरवाच पाहावा लागणार, आणि तो रस्ता हिरवा पाहून परत येणे मला तरी परवडणारे वाटत नाही. शिवाय रोज कुठे पोहोचायचे हे वेळापत्रकाने ठरवले की एखाद्या तळ्याकाठी वाटले म्हणून आणखी एक रात्र राहता येत नाही. एकट्याने फिरण्याचे खरे सुख तेच आहे. एकटा माणूस कुणाला न विचारता थांबू शकतो. मग त्याने स्वतःलाच तिकिटांनी का बांधून घ्यावे?

वाटसरू

पानगळ, तुमचा रंगांविषयीचा आक्षेप पूर्णपणे बरोबर आहे, आणि ज्यांना रंगच पाहायचे आहेत त्यांनी मायनर लीगवर पाणी सोडावे, हेच प्रामाणिक उत्तर आहे. मेजर लीगचा मोसम सप्टेंबरच्या अखेरपर्यंत चालतो, म्हणून त्या शेवटच्या आठवड्यात रेड सॉक्स घरी असतील तर फेनवे आणि न्यू हॅम्पशायरमधील व्हाइट माउंटन्स ही जोडी साधता येते.

पण बांधून घेण्याबद्दल माझे मत वेगळे आहे. एकट्याने फिरताना संपूर्ण मोकळीक असली की तिसऱ्या-चौथ्या दिवशी एक प्रकारचे रितेपण येते. दिवसभर कुणाशी बोलणे झालेले नसते आणि दृश्यामागून दृश्य पाहून डोळे थकतात. अशा वेळी अमुक दिवशी संध्याकाळी सात वाजता अमुक गावी एक जागा आपली वाट पाहत आहे, ही गोष्ट प्रवासाला आधार देते. आणि ती जागा माणसांच्या मधोमध असते. लेक प्लॅसिडच्या बाजूला मी दोन दिवस जवळजवळ मौनात होते आणि ते मौन मला हवे होते, कारण पुढे पोर्टलंडच्या बाकांवर गलका असणार हे मला माहीत होते. सामने मोजके ठेवले, रोज एक मैदान असा हट्ट धरला नाही, तर तळ्याकाठी आणखी एक रात्र राहायलाही जागा उरते. सगळी मैदाने भराभर पाहून यादी पुरी करणाऱ्यांचे प्रवासही मी वाचले आहेत. त्यांत मैदाने पुष्कळ दिसतात, पण गावे फार थोडी.

डावखुरा

पानगळ यांनी जुलै-ऑगस्टचाही विचार करावा. तेव्हा रंग नसतात, पण बर्लिंग्टनच्या सेंटेनियल फील्डवर, जिथे १९०६ पासून बेसबॉल खेळला जातो, उन्हाळी लीगमध्ये महाविद्यालयीन खेळाडू खेळतात, आणि सामन्याआधी लेक शॅम्प्लेनच्या काठावर सूर्यास्ताची वाट पाहत बसता येते. फक्त जुलैच्या उत्तरार्धात हॉल ऑफ फेमच्या समारंभाचा शनिवार-रविवार टाळावा. कूपर्सटाउनच्या आसपास राहायला खोली मिळत नाही.

हिशेबनीस

खर्चाबद्दल चार गोष्टी. एका शहरात मोटार घेऊन दुसऱ्या शहरात सोडली तर भाड्याच्या कंपन्या वेगळे शुल्क लावतात आणि ते कधीकधी भाड्याइतके होते. म्हणून दोन-तीन तारखा बदलून आणि विमानतळाऐवजी शहरातील शाखा धरून दर पाहावेत. न्यूयॉर्क राज्यातील थ्रूवे आणि मॅसॅच्युसेट्समधील टर्नपाइक यांवर टोल रोख घेत नाहीत, क्रमांकपट्टीचे छायाचित्र घेतले जाते. भाड्याच्या गाडीवर त्याचे वेगळे दैनिक शुल्क लागू शकते, तेव्हा ई-झेडपास (टोल आपोआप भरणारे उपकरण) जवळ असल्यास त्यावर गाडीचा क्रमांक नोंदवावा. राष्ट्रीय उद्यानांचा वार्षिक पास अमेरिकेतील रहिवाशांना ८० डॉलरला मिळतो. २०२६ पासून अनिवासी पाहुण्यांसाठी तो २५० डॉलरचा झाला आहे, आणि पास नसल्यास अकेडियासह अकरा उद्यानांत त्यांना माणशी १०० डॉलर जास्त द्यावे लागतात. भारतातून आलेल्या आई-वडिलांना घेऊन जाणाऱ्यांनी हा हिशेब आधी करावा. या मार्गावर राष्ट्रीय उद्यान एकच आहे. नायगारा, लेचवर्थ ही राज्यांची उद्याने आहेत आणि त्यांना हा पास लागू नाही. नायगाऱ्याला कॅनडाच्या बाजूला जायचे असेल तर व्हिसाचे नियम तपासूनच पूल ओलांडावा.

सदाशिवकर

नमस्कार. मी पुण्याचा, निवृत्त, वय ६८. मुलगा न्यू जर्सीत असतो आणि पुढच्या वर्षी आम्ही तिकडे येणार आहोत. क्रिकेट मी आयुष्यभर पाहिले, बेसबॉल मात्र कधी नाही. मुलाला सुट्टी नसल्याने काही दिवस मला एकट्यालाच फिरावे लागेल. मी शाकाहारी आहे. एवढी लांबची मोहीम मला झेपणार नाही, तर या मार्गातला कोणता तुकडा निवडावा आणि कधी, हे कृपया सांगावे.

वाटसरू

काका, नमस्कार. तुमच्यासाठी पोर्टलंड ते बॉस्टन हा तुकडा सर्वांत योग्य वाटतो, कारण त्यात मोटार चालवण्याची गरजच नाही. न्यू जर्सीहून रेल्वेने बॉस्टनला यावे, फेनवेचा दुपारचा एखादा सामना पाहावा, आणि डाउनईस्टरने पोर्टलंडला जाऊन दोन रात्री राहावे. हॅडलॉक फील्ड लहान आहे, पायऱ्या कमी चढाव्या लागतात आणि खेळाडू अगदी जवळून दिसतात. पहिला सामना समजून घ्यायला असे मैदान फेनवेपेक्षाही बरे. तिथून १७९१ पासून उभे असलेले पोर्टलंड हेड दीपगृह टॅक्सीने जवळ आहे. फेनवेला तिकीट घेताना छताखालची जागा घ्यावी, म्हणजे दुपारचे ऊन लागणार नाही. फक्त वर लिहिलेली खांबांची बाब पाहून घ्यावी.

शाकाहाराची अडचण होते, पण उपासमार होत नाही. मैदानांत शेंगदाणे, पॉपकॉर्न, प्रेट्झेल, चीज पिझ्झा सगळीकडे मिळतात, आणि हॅडलॉकला दोन बिस्किटांमध्ये आइसक्रीम घालून देतात ते तुम्हाला नक्की आवडेल. पिट्सबर्गला कधी गेलात तर बटाटा आणि चीजचे सारण भरलेले पिरोगी मागावेत. मात्र ते कशात परतले आहेत, हे विचारून घ्यावे, कारण काही ठिकाणी प्राण्याची चरबी वापरतात. त्या शहराजवळ पेन हिल्सच्या टेकडीवर १९७० च्या दशकात उभारलेले श्री वेंकटेश्वराचे मंदिर आहे आणि तिथे दहीभात, चिंचेचा भात असे साधे जेवण मिळते.

वेळेबद्दल सांगायचे तर जूनचा उत्तरार्ध किंवा सप्टेंबरचा पहिला पंधरवडा निवडावा. एप्रिल-मेमध्ये फेनवेला संध्याकाळी इतका गारवा असतो की पुण्याहून आलेल्या माणसाला तीन तास बसवत नाही. मेजर लीग पुढच्या मोसमाचे वेळापत्रक आदल्या उन्हाळ्यातच जाहीर करते, त्यामुळे विमानाची तिकिटे काढण्याआधी रेड सॉक्स आणि सी डॉग्ज हे दोघेही एकाच आठवड्यात घरी आहेत का, ते पाहता येते. पाऊस आला आणि सामना पुढे ढकलला गेला, तर तेच तिकीट नव्या तारखेला चालते, पण ती तारीख तुम्ही परत गेल्यानंतरचीही असू शकते. म्हणून बॉस्टनचा सामना मुक्कामाच्या पहिल्या दिवशी ठेवावा आणि दुसरा दिवस राखून ठेवावा. तुमच्या तारखा ठरल्या की इथे लिहा, मी दोन्ही वेळापत्रके शेजारी ठेवून कोणता आठवडा जुळतो ते पाहून सांगते.